भाडेदर उतरूनही वितरणखर्च चढत राहतो तेव्हा

समस्या अशी असते. वाहतूकदारांशी वर्षभराचा करार करताना घासाघीस करून भाडेदर सात-आठ टक्क्यांनी खाली आणले जातात, पहिल्या महिन्यात खर्च थोडा उतरल्यासारखा दिसतो, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नगामागचा वितरणखर्च पुन्हा वर चढू लागतो. मग नव्याने निविदा, नव्याने बैठका, नवे दर, आणि वर्षअखेरीस तीच तक्रार. हे चक्र ज्या आस्थापनात दोनदा फिरले असेल तिथे दोष दरात नाही असे धरूनच तपासाला लागावे. वाहतूकदाराला आपण देतो तो दर खेपेचा असतो आणि आपण मोजतो तो खर्च नगाचा असतो. खेपेत किती माल गेला, तो कसा बांधला होता, गाडी किती वेळ खोळंबली आणि ती कोणत्या दिवशी मागवली, या गोष्टी त्या दोहोंच्या मधे येतात, आणि त्यांपैकी जवळपास सगळ्या आपल्याच हातात असतात.

लहान आकड्यांवर हिशेब करून पाहू. पूर्ण गाडीचे भाडे १०० एकके आहे आणि तिच्यात ४०० खोकी जातात, तर खोक्यामागे पाव एकक पडते. नव्या करारात भाडे ८ टक्क्यांनी उतरून ९२ झाले. आता त्याच गाडीतून ३६८ खोकी गेली तरी खोक्यामागे पुन्हा बरोबर पाव एकक पडते. म्हणजे गाडीत ३२ खोकी कमी भरली गेली की वाटाघाटीत मिळवलेली सगळी सवलत संपली. गाडी ३०० खोक्यांवर सुटू लागली, तर खोक्यामागचा खर्च जुन्या करारातल्या खर्चापेक्षाही सुमारे २३ टक्क्यांनी जास्त होतो, आणि तरीही वाहतूकदाराचे बिल करारानुसार अगदी बिनचूक असते. बिल पास करणाऱ्याला त्यात काही सापडत नाही, ते यामुळेच.

वाढ खरी आहे ना, ते आधी पाहावे

तपासाची सुरुवात गोदामात न करता हिशेबाच्या तक्त्यात करावी, कारण अशा तक्रारींपैकी काही मुळात खर्चाच्या नसून मोजणीच्या असतात. सर्वांत नेहमीची चूक तारखेची असते. माल या महिन्यात रवाना होतो, पोच पुढच्या महिन्यात येते आणि पोच जोडलेले बिल त्याच्याही नंतर सादर होते. अशा वेळी खर्च बिलाच्या तारखेने आणि नग रवानगीच्या तारखेने मोजले, तर भागाकारातला अंश एका महिन्याचा आणि छेद दुसऱ्या महिन्याचा होतो, आणि मोठ्या विक्रीच्या महिन्यामागून मंदीचा महिना आला की हा भागाकार हमखास भडकतो. यासाठी प्रत्येक खेपेला क्रमांक द्यावा, बिल केव्हाही आले तरी ते त्या क्रमांकावर आणि रवानगीच्याच महिन्यात टाकावे, आणि न आलेल्या बिलांसाठी करारातील दराने तरतूद धरून ठेवावी.

दुसरी चूक सरासरीची. जवळच्या ठिकाणी पोचवायला नगामागे २ एकके आणि दूरच्या ठिकाणी ५ एकके लागतात असे धरले, आणि मालाची विभागणी ७० आणि ३० टक्के असेल, तर सरासरी २.९ येते. तीच विभागणी ६० आणि ४० टक्के झाली की सरासरी ३.२ होते. दर तेच, गाड्या तशाच भरलेल्या, तरी खर्च दहा टक्क्यांनी वाढलेला दिसतो. ही वाढ खोटी नाही, परंतु ती विक्रीच्या भूगोलातून आलेली आहे आणि तिच्यावर वाहतूक विभागाकडे इलाज नाही. तेव्हा गेल्या वर्षीची विभागणी कायम धरून या वर्षीचे खर्च त्यावर लावून पाहावेत. जी वाढ उरेल तिच्याच मागे लागावे.

बिलाच्या तळातल्या ओळी

खरी वाढ उरली, तर एका साध्या आठवड्यातल्या, म्हणजे ज्यात सुट्टी किंवा विशेष योजना नाही अशा आठवड्यातल्या, तीस खेपा निवडून त्यांची बिले ओळीओळीने उलगडावीत. एकूण रकमेकडे पाहू नये. मूळ भाडे, इंधन अधिभार, हॉल्टिंग (गाडी ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त खोळंबली तर लागणारा आकार), चढ-उतार मजुरी, फेरवितरण (न पोचलेला माल पुन्हा पोचवणे), परतीचा माल आणि आकारलेले वजन हे सात रकाने पुरेसे होतात. करारात वाटाघाट झाली ती फक्त पहिल्या रकान्यावर, हे लक्षात घेतले की वजनाचा रकाना सोडून उरलेल्या पाचांची बेरीज मूळ भाड्याच्या किती टक्के आहे हा आकडा पाहण्यासारखा असतो. तो गेल्या वर्षीपेक्षा वाढला असेल तर तपासाची दिशा मिळाली.

इंधन अधिभाराबाबत दोनच प्रश्न विचारावेत. ज्या इंधनदरापासून अधिभार मोजला जातो तो पायाभूत दर कोणत्या तारखेचा आहे, आणि टक्केवारी फक्त मूळ भाड्यावर लागते की हॉल्टिंग व मजुरी धरून आलेल्या बेरजेवर. नव्या करारात मूळ भाडे उतरते आणि पायाभूत इंधनदरही गुपचूप खाली सरकतो, असे पुष्कळदा होते. त्याला लबाडी म्हणण्यापेक्षा वाचनातला आळस म्हणावे, आणि तो बहुधा आपल्याच बाजूचा असतो.

आयात मालाच्या बाबतीत डेमरेज आणि डिटेन्शन हे दोन आकार वेगळे ठेवावेत. कंटेनर बंदराच्या आवारातच मुदतीपेक्षा जास्त पडून राहिला तर डेमरेज लागते, आणि बाहेर नेलेला कंटेनर रिकामा करून मुदतीत परत दिला नाही तर डिटेन्शन लागते. पहिल्याचे मूळ साधारणतः कागदपत्रांच्या उशिरात असते आणि दुसऱ्याचे आपल्या गोदामातल्या जागेच्या टंचाईत, त्यामुळे दोन्ही एकाच खात्यात टाकले की कोणाला विचारायचे तेच कळेनासे होते. इन्कोटर्म्स २०२० मधील, म्हणजे खर्च आणि जोखीम कोणाकडे हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या प्रमाणित अटींतील, अकरा अटींपैकी सीएफआर (मालाची किंमत व भाडे) किंवा सीआयएफवर (किंमत, विमा व भाडे) खरेदी केली असेल, तर समुद्रप्रवासाचे भाडे विक्रेत्याने भरलेले असते, पण माल जहाजावर चढल्यापासूनची जोखीम खरेदीदाराची असते. अशा व्यवहारात वाहतूक कंपनी विक्रेत्याने निवडलेली असल्याने उतरणीच्या बंदरातले आकार ठरवण्यात खरेदीदाराला फारसे बोलायला जागा राहत नाही. तिथे भाडे स्वस्त दिसते आणि खर्च इतर नावांनी येतो.

खोक्यातली हवा

आकारलेले वजन हा रकाना सर्वांत दुर्लक्षित असतो. हलका पण मोठा माल वाहनातली जागा अडवतो, म्हणून वाहतूकदार प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जास्त असेल ते धरतात. हवाई मालवाहतुकीत सर्वसाधारणपणे ६००० घनसेंटीमीटरला एक किलो धरतात, बऱ्याच कुरिअर सेवा ५००० ने भागतात, आणि समुद्रमार्गे सुट्या मालाला एक घनमीटर बरोबर एक टन असा नियम लावून वजन आणि आकारमान यांतले जे मोठे त्यावर आकारणी होते. ६० बाय ४० बाय ४० सेंटीमीटरच्या खोक्याचे आकारमान ९६,००० घनसेंटीमीटर होते. आत ११ किलो माल असला तरी ५००० ने भागणारी सेवा १९.२ किलोचे भाडे लावेल आणि ६००० ने भागणारी १६ किलोचे. त्याच खोक्याची उंची ४० वरून ३२ वर आणली तर पहिल्या सेवेत आकारलेले वजन १५.३६ किलो होते. आठ सेंटीमीटर उंचीच्या हवेचे भाडे आपण खोक्यामागे जवळजवळ चार किलोंच्या हिशेबाने भरत होतो, असा याचा अर्थ. कुरिअर बदलताना दरपत्रकात किलोचा दर पाहतात आणि भाजक पाहत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता दरपत्रक हाती आले की आधी तळटीप वाचतो.

पूर्ण गाड्यांनी माल पाठवणाऱ्यांना वाटते की हा प्रश्न पार्सलवाल्यांचा आहे. तसे नाही. एका वितरण केंद्रावर खर्चवाढीचा शोध चालू असताना दर, अंतर, इंधन आणि हॉल्टिंग सगळे तपासून झाले आणि काहीच निघाले नाही. शेवटी भरणीच्या डॉकवर, म्हणजे गाडी लावून माल चढवण्याच्या धक्क्यावर, उभे राहून पॅलेट (खोकी रचून उचलायची सपाट चौकट) बांधताना पाहत होतो, तेव्हा सुपरवायझर सहज म्हणाला की पूर्वी एका थरात दहा खोकी बसायची, आता आठच बसतात. टेप लावून पाहिले. पूर्वीचे खोके बाहेरून ४० बाय ३० सेंटीमीटरचे होते. मध्यंतरी वाहतुकीत माल फुटतो अशी तक्रार आल्यावर पॅकेजिंग विभागाने चारही बाजूंनी एक-एक सेंटीमीटर फोम घातला आणि खोके ४२ बाय ३२ झाले. १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर ४० बाय ३० ची खोकी एका थरात बरोबर दहा बसतात. सहा खोकी आडवी, चार उभी, आणि एक इंचही जागा वाया जात नाही. ४२ बाय ३२ ची खोकी कशीही फिरवली तरी आठांपेक्षा जास्त बसूच शकत नाहीत, कारण नऊ खोक्यांचे क्षेत्रफळच पॅलेटपेक्षा मोठे होते.

पाच थरांच्या पॅलेटवर ५० खोक्यांऐवजी ४० खोकी झाली. हजार खोक्यांना २० पॅलेटच्या जागी २५ लागू लागल्या. चाळीस फुटी कंटेनरच्या तळावर या मापाच्या वीस-एकवीस पॅलेट बसतात, त्यामुळे पूर्वी एका कंटेनरमध्ये जाणारा माल आता एका पूर्ण आणि एका बराचसा रिकामा राहणाऱ्या कंटेनरमधून जात होता. फुटीचे नुकसान खरोखरच कमी झाले होते आणि पॅकेजिंग विभागाला त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती. फक्त त्या शाबासकीचा खर्च वाहतुकीच्या खात्यावर पडत होता. शेवटी फोमऐवजी आतल्या नगांची मांडणी बदलून आणि कोपऱ्यांना पातळ आधार देऊन बाहेरचे माप पुन्हा ४० बाय ३० वर आणले. म्हणून तपासात हे एक काम कधीही वगळू नये: गेल्या दीड-दोन वर्षांत ज्या ज्या मालाचे खोके, पुठ्ठा किंवा आतले अस्तर बदलले त्यांची यादी काढावी, प्रत्येकाचे बाहेरचे माप स्वतः टेपने घ्यावे आणि पॅलेटच्या एका थरात आधी किती व आता किती बसतात ते प्रत्यक्ष मांडून पाहावे. संगणकातल्या मालसूचीवर विसंबू नये, कारण तिथे बहुधा जुनेच माप असते.

महिनाअखेरची गर्दी

खोकी ठीक असतील आणि तरीही गाड्या अर्धवट जात असतील, तर कारण रवानगीच्या कॅलेंडरमध्ये शोधावे. माझ्या अनुभवात पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या खर्चवाढीचे सर्वांत मोठे मूळ हेच असते, आणि ते सर्वांत शेवटी तपासले जाते, कारण त्याचा दोर वाहतूक विभागाच्या हातात नसून विक्री विभागाच्या हातात असतो.

महिन्याला १००० पॅलेट माल जातो, कामाचे दिवस २५ आहेत आणि एका गाडीत २० पॅलेट बसतात असे धरा. माल रोज सारखा गेला तर दिवसाला ४० पॅलेट, म्हणजे दोन भरलेल्या गाड्या, आणि महिन्याच्या ५० खेपा. आता विक्रीची उद्दिष्टे महिनाअखेरीला बांधलेली असल्याने ४०० पॅलेट शेवटच्या पाच दिवसांत जातात असे समजा. त्या पाच दिवसांत रोज ८० पॅलेट, म्हणजे चार भरलेल्या गाड्या लागतात. उरलेल्या वीस दिवसांत रोज ३० पॅलेट जातात, म्हणजे एक गाडी भरलेली आणि दुसरी अर्धी, कारण त्याच दिवशी माल रवाना करण्याचे वचन ग्राहकाला दिलेले असते आणि अर्धी गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवता येत नाही. एकूण खेपा चाळीस अधिक वीस, म्हणजे साठ झाल्या. माल तेवढाच, गाडी तीच, दर तोच, आणि खेपा वीस टक्क्यांनी जास्त. वर शेवटच्या पाच दिवसांत करारातल्या वाहतूकदाराकडे रोज चार गाड्या नसतील तर उरलेल्या बाजारातून त्या दिवसाच्या भावाने घ्याव्या लागतात, आणि ज्या वेळी सगळ्यांनाच गाड्या हव्या असतात त्या वेळचा भाव काय असणार हे सांगायला नको.

गर्दीचा दुसरा फटका डॉकवर बसतो. डॉक एकच आहे, गाड्या अनियमित येतात आणि प्रत्येकीला भरायला लागणारा वेळही कमी-जास्त होतो असे मानले, तर रांगेच्या प्राथमिक सूत्रानुसार गाडीला भरणी सुरू होण्याआधी सरासरी किती थांबावे लागेल ते डॉक किती टक्के वेळ गुंतलेला आहे यावर ठरते. तो ५० टक्के गुंतलेला असेल तर थांबणे एका भरणीच्या वेळेएवढे, ८० टक्क्यांना चौपट, ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. एका गाडीची भरणी पाऊण तासात होत असेल तर ८० टक्क्यांवर तीन तास, ९० टक्क्यांवर पावणेसात तास. डॉक जास्त असले आणि गाड्यांना वेळ नेमून दिलेली असली तर हे आकडे बरेच उतरतात, परंतु चढाची वळणरेषा तशीच राहते: शेवटच्या दहा टक्क्यांत वाट पाहणे भराभर वाढते. महिनाभर सुरळीत चाललेला डॉक शेवटच्या आठवड्यात एकाएकी कोलमडल्यासारखा वाटतो आणि मजुरांना दोष दिला जातो, पण मजूर तेच असतात, फक्त गाड्या दुप्पट आलेल्या असतात.

हे मोजायला घड्याळ लावून उभे राहण्याची गरज नाही. गेटवरच्या नोंदवहीत गाडी आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ लिहिलेली असतेच. ती नसेल तर आवारात तासातासाला उभ्या असलेल्या गाड्या मोजाव्यात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार आवारातल्या गाड्यांची सरासरी संख्या म्हणजे ताशी येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येक गाडीचा आवारातला सरासरी वेळ. आवारात सरासरी १२ गाड्या दिसतात आणि ताशी ३ येतात, तर प्रत्येक गाडी चार तास अडकते. करारात हॉल्टिंगविना दोन तासांची मुदत असेल तर उरलेले दोन तास कोणाच्या बिलावर जातात ते उघड आहे. आणि ज्या वाहतूकदाराला हॉल्टिंग मागता येत नाही तो पुढच्या करारात भाडे वाढवून मागतो किंवा महिनाअखेरीला गाडी पाठवायला टाळाटाळ करतो.

वाहन उभे असताना होणारा खर्च धावतानाच्या खर्चाला कसा गिळतो याचे सर्वांत गाजलेले उदाहरण समुद्रावरचे आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल हाताने चढवायला तेव्हा टनामागे ५.८६ डॉलर पडत असत, तिथे या पद्धतीने सुमारे १६ सेंट पडले. जहाजाचा वेग किंवा इंधन यांत काही बदल झाला नव्हता. जहाज धक्क्याला उभे असतानाचा खर्च तेवढा गेला होता.

महिनाअखेरची गर्दी ग्राहकाच्या खऱ्या मागणीतून क्वचितच येते. १९९७ मध्ये हाऊ ली, व्ही. पद्मनाभन आणि सुंगजिन व्हँग यांनी पुरवठासाखळीत मागे मागे जाताना मागणीचे चढउतार का फुगत जातात याची चार कारणे मांडली: मागणीचा अंदाज प्रत्येक टप्प्यावर नव्याने बांधणे, ऑर्डरी साठवून एकदम देणे, किमतीतील चढउतार आणि टंचाईच्या भीतीने जास्त मागणे. विक्रीचे मासिक उद्दिष्ट, त्यासाठी शेवटच्या आठवड्यात दिलेली सवलत आणि त्या सवलतीची वाट पाहून थांबलेला व्यापारी, ही त्यांतल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाची घरच्या घरी केलेली जोडणी आहे. सवलतीचा खर्च विक्रीच्या खात्यात दिसतो, तिने निर्माण केलेल्या दहा जादा खेपांचा खर्च मात्र वाहतुकीच्या खात्यात.

उपाय, आणि ते करताना साठ्याचे भान

यावर पहिला उपाय दर मागण्याचा नाही, दिवस वाटण्याचा आहे. ग्राहकांचे प्रदेशवार गट करून प्रत्येक गटाला आठवड्यातले ठरलेले रवानगीचे वार द्यावेत, आणि विक्रीची उद्दिष्टे सर्व प्रदेशांना एकाच तारखेला न संपवता आठवड्याच्या फरकाने संपवावीत. ‘आज ऑर्डर, आज रवाना’ हे वचन ज्यांना खरोखर हवे आहे त्यांच्यापुरते ठेवून इतरांना ‘ठरलेल्या वारी नक्की’ असे वचन द्यावे. पुष्कळ ग्राहकांना लवकर येण्यापेक्षा सांगितल्या दिवशी येणे जास्त सोयीचे असते, कारण त्यांनाही उतराईसाठी माणसे लावायची असतात. विक्री विभाग याला विरोध करतो. त्या वेळी वर दाखवलेला पन्नास आणि साठ खेपांचा हिशेब त्यांच्याच आकड्यांवर मांडून दाखवावा. तोंडी युक्तिवादाने हे पटत नाही.

दुसरा उपाय ऑर्डरच्या आकाराचा. इथे साठा वाढेल अशी हरकत येते आणि ती रास्त आहे: खेपा मोठ्या केल्या की भाडे वाचते आणि गोदामातला माल वाढतो. परंतु किती वाढ परवडते याचे उत्तर फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या किफायतशीर ऑर्डर-आकाराच्या सूत्रातून मिळते, आणि त्या सूत्राचा व्यवहारातला खरा उपयोग नेमका आकडा काढण्यात नसून त्याच्या सैलपणात आहे. ऑर्डरचा आकार सूत्राने सांगितलेल्या आकाराच्या दीडपट ठेवला तरी ऑर्डर देण्याचा आणि साठवणीचा मिळून होणारा खर्च सुमारे ८ टक्क्यांनीच वाढतो. दुप्पट केला तर २५ टक्क्यांनी. तेव्हा सूत्राने ३६ पॅलेट सांगितल्या असतील तर २० पॅलेटच्या गाडीत दोन पूर्ण खेपा करून ४० घेणे हेच शहाणपणाचे, ३६ वर अडून बसणे नव्हे.

गोदामांची संख्या वाढवून शेवटच्या टप्प्याचे भाडे कमी करण्याचा सल्लाही अशा वेळी हटकून मिळतो. तो लगेच मानू नये. प्रत्येक ठिकाणची मागणी एकमेकांपासून स्वतंत्र आणि साधारण सारख्याच चढउतारांची असेल, तर सुरक्षितता साठा, म्हणजे मागणी अचानक वाढली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेला जादा माल, गोदामांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. चार गोदामांची नऊ केली की तो दीडपट होतो. शिवाय मध्यवर्ती गोदामातून प्रत्येक नव्या गोदामाला जाणाऱ्या खेपा लहान होतात, म्हणजे जी अर्धी गाडी आपण काढायला निघालो तीच वरच्या टप्प्यावर परत येते. १९५६ मध्ये हॉवर्ड लुईस, जेम्स कलिटन आणि जॅक स्टील यांनी हवाई मालवाहतुकीचा अभ्यास करताना नेमके हेच दाखवले होते की महागडे भाडे भरूनही, गोदाम आणि साठा यांतली बचत त्याहून मोठी असेल, तर एकूण वितरणखर्च कमी होऊ शकतो. त्याची उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि स्वस्त भाड्याच्या मागे लागलेल्या आस्थापनात ती रोज पाहायला मिळते. म्हणून भाडे, साठा, गोदाम, फूट-तूट आणि पॅकेजिंग हे पाचही आकडे एकाच पानावर, एकाच माणसाच्या सहीने दरमहा यावेत. पाच विभागांच्या पाच अहवालांतून ते येत असतील तर प्रत्येक विभाग आपला आकडा उतरवील आणि बेरीज चढेल.

फेरवितरण आणि परतीचा माल यांचा तपास तुलनेने सोपा असतो. फेरवितरणाची कारणे पत्ता चुकला, ग्राहक बंद होता, वेळ ठरवली नव्हती आणि माल नाकारला, एवढ्या चारांत बहुतेक बसतात. कारण गाडीचालकाकडून त्याच दिवशी लिहून घ्यावे, आठवड्याने विचारले तर ‘ग्राहक बंद होता’ हेच उत्तर येते. परतीच्या रिकाम्या गाडीसाठी पुरवठादाराचा माल मिळतो का ते एकदा विचारून पाहावे. त्यासाठी आपली रवानगी खोळंबत असेल तर मात्र नाद सोडावा.

तीन महिन्यांनी खर्च पुन्हा चढला तर

उपाय लागू झाल्यावर पहिले दोन महिने आकडे सुधारतात, नंतर अपवाद वाढू लागतात. एखाद्या मोठ्या ग्राहकासाठी एक ‘विशेष गाडी’, दुसऱ्यासाठी ठरलेला वार मोडून दुसरी, आणि पाहता पाहता विशेष गाड्या रोजच्या होतात. त्यामुळे प्रत्येक विशेष गाडीसाठी एक छोटी नोंद सक्तीची ठेवावी: कोणी मागितली, का मागितली, गाडीत किती पॅलेट गेल्या आणि ठरलेल्या वारी तोच माल गेला असता तर किती खर्च आला असता. मंजुरी वाहतूक विभागाकडे ठेवू नये, कारण त्याला नकार देण्याचा अधिकार व्यवहारात नसतोच. ती मागणाऱ्या विभागाच्या प्रमुखाकडे ठेवावी आणि जादा खर्चही त्याच विभागाच्या खात्यावर टाकावा. हे शेवटचे कलम अमलात आल्यावर काही विशेष गाड्यांची तातडी आपोआप ओसरते, असे मी पाहिले आहे.

दरमहा पाहायचे आकडे तीनच ठेवावेत: गाडीत सरासरी किती पॅलेट गेल्या, गाडी आवारात सरासरी किती तास राहिली, आणि महिन्याच्या शेवटच्या पाच दिवसांत एकूण मालाचा किती टक्के भाग गेला. नगामागचा खर्च हा चौथा आकडा, आणि तो या तिघांच्या नंतर हलतो. पहिले तीन जागच्या जागी असून चौथा चढला असेल तर मालविभागणी आणि इंधन अधिभार पुन्हा तपासावेत. पहिला आकडा उतरला आणि कॅलेंडर तसेच असेल, तर टेप घेऊन डॉकवर जावे आणि सध्या कोणते खोके येत आहे ते मोजावे. तिन्ही स्थिर, विभागणी तीच, अधिभार तोच, खोके तेच आणि तरीही खर्च वाढलेला, असे झाले तर मात्र बाजारातला भाडेदर खरोखरच वाढलेला आहे, आणि त्या वेळी निविदा काढायला हरकत नाही.